अडकलेला खण: कार्ड-कपाटाच्या पट्ट्यांचा छोटा इतिहास

जळगाव-धुळ्याकडच्या एखाद्या जुन्या वाचनालयात संदर्भ शोधायला गेलात, तर कार्डांचं लाकडी कपाट भेटू शकतं. खण ओढला की तो तिरका होऊन अडकतो. लगेच "चॅनल बसवून घ्या" असा सल्ला देऊ नका. का, ते सांगतो.

आपल्याकडे कागद मुळात खणात नसायचेच. दप्तर म्हणजे रुमालात बांधलेले गठ्ठे. इतिहासाचार्य राजवाडे 31 डिसेंबर 1926 ला धुळ्यात वारले आणि त्यांच्या कागदपत्रांसाठी तिथेच राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. त्या पिढीने हाताळलेला कागद असा रुमालातलाच. रुमाल फळीवर बसतो आणि फळी काही हलत नाही, त्यामुळे झिजण्याचा प्रश्नच नाही.

खण आला तो कार्डांबरोबर. 1910 मध्ये सयाजीराव गायकवाडांनी विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला आणलं, आणि आधुनिक ग्रंथालयाची पद्धत आपल्या शेजारी रुजली. कार्डाचं माप ठरलेलं: 12.5 × 7.5 सेंटिमीटर. 200 जीएसएमचा कागद धरून गणित करा, हजार कार्डं जवळपास दोन किलो भरतात. हे वजन दिवसातून कितीदा तरी पुढे-मागे सरकतं, तेही दोन लाकडी पट्ट्यांवर.

आता चॅनलचं बघा. बॉल बेअरिंगच्या नेहमीच्या टेलिस्कोपिक चॅनलला प्रत्येक बाजूला 12.7 मिलिमीटर जागा लागते, म्हणजे दोन्ही मिळून एक इंच. जुन्या कपाटात एवढी फट नसते. मग सुतार खणच एक इंच अरुंद करतो. कार्ड 125 मिलिमीटर रुंद, खण आतून त्याहून जेमतेम मोठा. कार्डं बसणार कुठे? ती गठ्ठ्यात बांधून माळ्यावर जातात आणि त्यांचा क्रम मोडतो. पुस्तक हरवलं तरी ते एकेकाळी इथे होतं हे त्या कार्डावरून कळतं, त्यामुळे क्रम मोडणं ही किरकोळ गोष्ट नाही. (रद्दीवाल्याला तर काही सांगायचीच सोय नाही.)

मूळ पट्टी बदलणं सोपं आहे, पण तिथे एक विज्ञान आहे. लाकूड रेषांच्या आडवं आकसतं-फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. कपाटाच्या बाजूच्या फळीत रेषा उभ्या असतात आणि पट्टीत आडव्या. मे महिन्यातलं खानदेशातलं कोरडं ऊन आणि मग जुलैची ओल, यात फळीची रुंदी बदलते, पट्टीची लांबी मात्र तेवढीच राहते. पट्टी पूर्ण लांबीला गोंदाने चिकटवली असेल तर फळी तडकते किंवा पट्टी सुटते. जुन्या कपाटात तडा कुठून सुरू झालाय ते पाहा, दुरुस्ती कशी झाली होती ते कळेल. एकाच पट्टीमागे स्क्रूच्या भोकांच्या दोन जोड्या दिसल्या, तर ती एकदा तरी सरकवली किंवा बदलली गेली असणार.

म्हणून सुताराला सांगायचं ते एवढंच: पट्टी सागाचीच, आधीच्याच जाडीची. सैल झालेल्या जुन्या भोकांत गोंद लावून लाकडी खुंटी ठोकायची. पुढचा स्क्रू घट्ट, मागच्या स्क्रूसाठी पट्टीतलं भोक लांबट. गोंद लावायचाच तर फक्त पुढच्या टोकाला. आणि खण परत आत सारण्यापूर्वी पट्टीवर मेणबत्ती घासायची.