कशामागे काय : बीडच्या स्टेटसचा अभ्यास करू पाहणाऱ्यांसाठी

डिसेंबर 2021 मध्ये बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यातले लऊळ हे गाव आठवड्याभरात जगभर पोहोचले. गावात वानरे कुत्र्यांची पिल्ले उचलून झाडांवर आणि घरांच्या छपरांवर नेत होती. पिल्ले उंचावरून पडून किंवा अन्नपाण्यावाचून मरत होती. वनखात्याच्या पथकाने दोन वानरे पकडून नेली आणि प्रकार थांबला. बातमीत मात्र मेलेल्या पिल्लांचा आकडा 250 झाला, वानरांनी सूड उगवला असे ठरले, आणि जिल्ह्याचे नाव कधी न ऐकलेल्या माणसांनी वानर विरुद्ध कुत्रा अशी चित्रे रचून एकमेकांना पाठवली. गावात जाऊन चौकशी करणाऱ्या पत्रकारांना त्या आकड्याला ठोस आधार मिळाला नाही.

या प्रकरणाचा अभ्यास बहुतेक जण एकाच पद्धतीने करतील. एक मजकूर निवडायचा आणि तो किती फोनांवरून कसा फिरला, वाटेत कसा बदलला हे तपासायचे. ते काम मोलाचे आहे. या प्रस्तावनेतून ज्या अभ्यासाकडे मी तुम्हाला बोलावतो आहे, त्याची वाट मात्र उलटी आहे. तो एकाच माणसाच्या फोनपाशी थांबतो. माजलगावातल्या एखाद्या दुकानदाराने वानराचे चित्र व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला ठेवले, तर त्याआधी त्याने काय ठेवले होते आणि त्यानंतर काय ठेवले? चित्र, राजकारण, विनोद आणि नवलाची गोष्ट या चारही जिनसा एकाच माणसाच्या हातून, त्याच्याच क्रमाने बाहेर पडतात. त्यांचा अर्थ त्या क्रमात असतो, असे माझे ठाम मत आहे. चार जिनसा चार विषयांच्या अभ्यासकांनी वाटून घेतल्या की त्या निवडून रचणारा माणूसच हातातून निसटतो.

ऊसतोडीच्या फडावरचा नेहमीचा एक दिवस घ्या. दिवाळीच्या सुमारास बीडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या मुकादमाची आगाऊ उचल अंगावर घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात, त्या उन्हाळा लागेपर्यंत परतत नाहीत. टोळीतला तरुण पहाटे स्टेटसला योगेश्वरी देवीचा किंवा संत भगवानबाबांचा फोटो ठेवतो. मग मोळ्यांनी भरलेली ट्रॉली आणि तिच्यावर चढवलेले गाणे. दुपारी आपल्या नेत्याच्या भाषणाचा तुकडा, संध्याकाळी मुकादमावरचा विनोद, रात्री कुठल्याशा नदीतल्या अजस्र माशाचा व्हिडिओ आणि शेवटी गावाकडे वारलेल्या एखाद्याचा हार घातलेला फोटो. बाहेरचा वाचक याला पसारा म्हणेल. गावाकडे मागे राहिलेली आई मात्र ते पाहून एवढे ओळखते, की पोराच्या हाताला काम आहे, मुकादमाशी काहीतरी बिनसले आहे आणि मयताची खबर त्याच्यापर्यंत पोहोचली आहे. फोन न करता कळवलेली ही खुशाली आहे. मुकादमावरचा विनोद नुसता विनोद म्हणून वाचला तर यातले काहीच हाती लागत नाही. ट्रॉलीच्या मागे आणि मयताच्या फोटोआधी तो वाचला, की त्याचे वजन कळते.

असे संकलन मराठी माणसाला नवे नाही. मठामठांतून आणि घराघरांतून पूर्वी बाडे लिहिली जात. बाड बाळगणारा त्यात आवडलेले अभंग उतरवी, भारूड आणि कूटप्रश्न टिपून ठेवी, आणि त्याच पानांत औषधाचा पाठ, मुहूर्ताचे गणित किंवा घरचा हिशेबही येई. धुळ्याच्या श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात अशी बाडे जपलेली आहेत. आपल्या संपादकांनी बाडांतून बहुधा संतकवींच्या रचना वेचल्या, पाठभेद लावले आणि छापल्या. त्यांचे ऋण मोठे आहे. पण करुणाष्टकाच्या शेजारी विंचवाचा उतारा लिहिणारा जो कोणी होता, त्याच्या मनाचा ठाव त्या छापील पुस्तकांतून लागत नाही. तेच आज स्टेटसच्या बाबतीत घडू द्यायचे नसेल, तर कामाला आत्ताच लागले पाहिजे.

बीड जिल्ह्यात या विषयावर बोलताना दासोपंतांची पासोडी आठवल्यावाचून राहत नाही. दासोपंत (1551–1615) अंबाजोगाईचे. सुमारे 40 फूट लांब आणि 4 फूट रुंद कापडावर त्यांनी ‘पंचीकरण’ हे प्रकरण लिहिले, आणि ओव्यांच्या जोडीला आकृत्या काढून तत्त्वांची मांडणी डोळ्यांना दिसेल अशी केली. पासोडी हे विस्कळीत संकलन नव्हे, तो एका विषयाचा बांधेसूद ग्रंथ आहे. तिला स्टेटसची पूर्वज ठरवण्याची घाई अभ्यासकाने करू नये. तरीही ती पाहावी, कारण लिहिलेले आणि काढलेले एकाच पृष्ठभागावर एकत्र वाचायची सवय ती डोळ्याला लावते. कापड उलगडत जाईल तसतसे वाचत जायचे आणि ओवीवरून आकृतीकडे, आकृतीवरून पुन्हा ओवीकडे यायचे. हीच नजर पुढे आपल्या कामाला येते.

बायकांच्या संकलनाचा इतिहास कागदावर नाही, तो जात्यावर आहे. गी पॉइटव्हाँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. 1996 मध्ये माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी गायलेल्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या आणि त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्या आहेत. जात्यावर बसलेल्या बाईच्या तोंडी माहेर, भाऊ, देव, सासूची थट्टा आणि बाबासाहेब हे सगळे येते, आणि तिला त्यात विसंगती वाटत नाही. विषयवार लावलेल्या ओव्यांचा उपयोग मोठा आहे. शक्य असेल तिथे मूळ ध्वनिमुद्रण ऐकावे, असा माझा आग्रह आहे. थट्टेची ओवी कशानंतर आली, हे तिथे ऐकू येते.

साधनांबद्दल थोडेच सांगतो. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आले आणि डेटा स्वस्त झाला. फेब्रुवारी 2017 मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर आजच्या रूपातले स्टेटस आले, जे 24 तासांनी आपोआप नाहीसे होते. या 24 तासांमुळे आपली मोठी पंचाईत होते. बाड दोनशे वर्षे माळ्यावर पडून राहू शकते, स्टेटस उद्या दुपारी उरत नाही. दुसरी अडचण त्याहून नाजूक आहे. स्टेटस कोणाला दिसावे आणि कोणाला दिसू नये हे ठेवणारा ठरवतो. मुकादमावरचा विनोद मुकादमाला दिसत नाही, नेत्याचा व्हिडिओ अमुक भावकीला दिसत नाही. त्यामुळे आपल्याला जे दिसते ते आपल्यासाठी मोकळे ठेवलेले असते, हे नोंदवहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवावे.

राजकारणाकडे वळताना सावध राहावे लागते, कारण या जिल्ह्यात एका ध्वनिफितीनंतर घरे जळाली आहेत. मराठा आरक्षणाचे आंदोलन पेटलेले असताना एका आमदाराच्या बोलण्याची ध्वनिफीत फिरली, आणि 30 ऑक्टोबर 2023 रोजी माजलगावातल्या त्यांच्या घराला आग लावण्यात आली. पुढे 9 डिसेंबर 2024 रोजी केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. 3 मार्च 2025 रोजी दोषारोपपत्रातली छायाचित्रे बाहेर आली आणि रात्रीतून फोनफोनवर गेली. 4 मार्चला मंत्री धनंजय मुंडे यांनी राजीनामा दिला. ती छायाचित्रे कोणी संतापाने पुढे पाठवली असतील, कोणाला ती उघडवलीच नसतील. आपल्या अभ्यासात ती छापू नयेत, दाखवू नयेत, असे माझे स्पष्ट सांगणे आहे. ज्या घरातला माणूस गेला, त्या घरापुढे आपल्या पुराव्याची गरज लहान आहे. त्या छायाचित्रांच्या आगेमागे लोकांनी काय ठेवले, एवढे नोंदवले तरी पुष्कळ कळेल.

याच केज तालुक्यात विडा हे गाव आहे. तिथे धुळवडीला गावाच्या जावयाला गाढवावर बसवून, गळ्यात चपलांची माळ घालून मिरवतात आणि शेवटी कपडे व सोन्याची अंगठी देऊन त्याचा मान करतात. प्रथा कित्येक दशकांची आहे. जावई निसटू नये म्हणून आधीचे काही दिवस त्याच्यावर पाळत असते. या मिरवणुकीचे व्हिडिओ आता दरवर्षी महाराष्ट्रभर फिरतात आणि जिल्ह्याबाहेरचे लोक त्याकडे नवल म्हणून पाहतात. गावाला मात्र तो आपला हक्काचा विनोद वाटतो, कारण मिरवणुकीनंतरची अंगठी त्यांना ठाऊक असते. पंधरा सेकंदांच्या रीलमध्ये ती अंगठी बहुधा येत नाही. 2025 साली धुळवड 14 मार्चला होती, छायाचित्रे बाहेर आल्यानंतर अकरा दिवसांनी. त्या अकरा दिवसांत केज तालुक्यातल्या माणसांनी स्टेटसला काय ठेवले? हसायला पुन्हा कधी सुरुवात झाली, आणि ती कोणी केली? एखाद्या विद्यार्थ्याने परवानगी घेऊन वीस माणसांच्या त्या अकरा दिवसांच्या आठवणी जरी लिहून काढल्या, तरी बीडच्या राजकारणावरच्या पुष्कळ जाड अहवालांत नसलेले काहीतरी त्यात असेल.

विनोदाची दुसरी बाजू कडू आहे. इथे आडनाव ऐकले की जात ओळखली जाते, आणि विनोद आडनावावरून सुरू झाला की तो कोणावर आहे हे सांगावे लागत नाही. 2025 मध्ये बीड पोलिसांनी आपल्या कर्मचाऱ्यांच्या नावपाट्यांवरून आडनाव काढून फक्त पहिले नाव ठेवले, त्यामागे हेच कारण होते. आपल्या नोंदींतही आडनाव येऊ नये. जात लपवण्यासाठी हे नाही. जातीचा विनोद आणि जातीचा अभिमान यांची नोंद तर व्हायलाच हवी. ती कोणा एका माणसावर उलटू नये, एवढ्यासाठी ही काळजी.

परवानगीचा मुद्दा मी औपचारिक मानत नाही. नोव्हेंबर 2012 मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरच्या एका मजकुरापायी अटक झाली होती, आणि त्यातल्या एकीने तो केवळ लाइक केला होता. त्या प्रकरणात लावलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे 66अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी रद्द केले, तरी स्क्रीनशॉटची भीती गेलेली नाही. गावात स्क्रीनशॉट भांडणात पुरावा म्हणून निघतो. म्हणून आधी त्या माणसाजवळ बसावे आणि त्याच्याच बोटाने त्याचा फोन सरकू द्यावा. तो जे वगळून पुढे जाईल, ते बघण्याचा हट्ट धरू नये. ‘हे का ठेवलं?’ असे विचारले की माणूस आखडतो. ‘याच्या आधी काय होतं?’ असे विचारले की तो सांगू लागतो.

बायकांचे स्टेटस ही या क्षेत्रातली सर्वांत रिकामी जागा आहे. फडावर कित्येक कोप्यांत, म्हणजे मजुरांच्या खोपटांत, नवराबायकोत एकच फोन असतो. त्या फोनवरचे स्टेटस कोणाचे धरायचे? देवीचा फोटो तिचा आणि भाषण त्याचे, असे घरबसल्या ठरवून टाकणे सोपे आहे, पण ते खरे असेल याची हमी कोणी देऊ नये. पुरुष अभ्यासकाला कोपीत बसून हे विचारता येणार नाही. माजलगाव, केज, धारूर, वडवणी या भागांतल्या ज्या मुली आज अंबाजोगाईच्या किंवा बीडच्या महाविद्यालयात शिकत आहेत, त्यांच्यापैकी अनेकींच्या आया अजून हातात कोयता घेऊन जातात. त्या मुलींना विचारता येईल, आणि आईच्या फोनमधला क्रम त्यांना आपल्यापेक्षा लवकर उलगडेल. टोळ्या परतल्या की दुपारच्या वेळी माणसे घरी सापडतात. नोंदींची सुरुवात तेव्हा करावी आणि पहिला फोन आपल्याच घरातला घ्यावा.