लावणी आणि समोरचा पाव्हणा

आम्ही सॉफ्टवेअरवाले 'इंटरॅक्टिव्ह' हा शब्द दिवसातून दहा वेळा वापरतो. जणू कालच कुणीतरी शोधून काढलाय! पण समोरच्याचा चेहरा वाचून पुढची अदा ठरवायची, हे लावणीवाल्या बायका कधीपासून करत आल्यात.

दुसऱ्या बाजीरावाच्या पुण्यात लावणी बहरली. राम जोशी, होनाजी बाळा ही त्या काळातली नावं. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, दरबारचा आश्रय गेला, पण लावणी तगली. पुढे संगीत बाऱ्या आल्या. पुण्यात त्यांचा मोठा अड्डा म्हणजे आर्यभूषण थिएटर.

यातली खरी गंमत बैठकीच्या लावणीत. बाई बसून गाते आणि स्वतःच अदा करते. ओळ तीच, पण एकदा त्यात रुसवा, एकदा आर्जव, एकदा सरळ टोमणा. क्रम आधी ठरलेला नाही. एखादा पाव्हणा गालात हसला की त्याला चिमटा, एखाद्याने लाजून मान खाली घातली की तोच सापडला! यमुनाबाई वाईकर (१९१५–२०१८) या कलेतलं मोठं नाव. २०१२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

हे सगळं जमायला खोली लहान लागते. चार हातांवरून भुवई उडालेली दिसते, गाताना घेतलेला श्वासही ऐकू येतो. १९६८ मध्ये सुरू झालेल्या बालगंधर्व रंगमंदिरासारख्या मोठ्या नाट्यगृहात शेवटच्या रांगेला भुवई काय दिसणार? मग हातवारे मोठे, आवाज मोठा, नाच आधीच बसवलेला. त्यात प्रेक्षागृहात अंधार. बाईला समोरचं कुणी दिसतच नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर आउटपुट चालू, इनपुट बंद.

म्हणून जुनी बैठकच बरी होती, असं म्हणायचं का? इतकं सोपं नाही हो. त्या खोलीत दाद द्यायला पुरुषच बसायचे, आणि दौलतजादा त्यांच्या हातात. कुणाकडे किती वेळ बघायचं, यात कलेइतकाच पोटाचाही हिशोब होता.

'नटले तुमच्यासाठी' हा माहितीपट २००८ मध्ये आला. सावित्री मेधातुल आणि भूषण कोरगावकर यांनी तो केला. २०१४ मध्ये कोरगावकरांचं 'संगीत बारी' पुस्तक आलं आणि पुढे त्याच नावाचा रंगमंचीय कार्यक्रमही झाला. त्यात शकुंतलाबाई नगरकर प्रेक्षकांची फिरकी घेतात, आणि प्रेक्षकांत बायकाही असतात. म्हणजे नजरेचा खेळ तोच, पण तो खेळायला खिशातली नोट दाखवावी लागत नाही.

तेव्हा आयोजक मंडळी, एकच विनंती. मानधन आधी ठरवा, सभागृह लहान घ्या आणि प्रेक्षकांवरचे दिवे पूर्ण मालवू नका. बाईंना आपण दिसलो पाहिजे. नाहीतर एवढ्या जवळ बसून उपयोग काय?