काउबॉयच्या कमरेचा पट्टा आणि आजोबांची रापी

आजच्या भागासाठी मी नुसतं वाचन केलेलं नाही, हातानेही काम केलंय. पुरावा म्हणून डाव्या अंगठ्याला अजून पट्टी आहे.

झालं असं, की ऑफिसच्या कार्यक्रमाची थीम होती 'वाइल्ड वेस्ट'. सगळ्यांनी ऑनलाइन हॅट मागवल्या. मी म्हटलं, आपण होल्स्टर आणि कमरेचा पट्टा स्वतः बनवू. बंदूक अर्थात खोटी, थ्रीडी प्रिंटरवर काढलेली. लहानपणी दिवाळीत टिकल्यांच्या बंदुकीबरोबर प्लॅस्टिकचा पट्टा मिळायचा आणि भाऊबीजेच्या आधीच तुटायचा. तो राग बहुतेक आत कुठेतरी शिल्लक होता.

तर मी एका सिनेमाचा स्क्रीनशॉट काढला. मांडीवर लोंबणारं होल्स्टर, खालून पायाला बांधलेली वादी. एकदम भारी. मग त्याचा इतिहास वाचायला बसलो आणि कळलं, की १८७० च्या दशकातल्या काउबॉयकडे असलं काही नव्हतंच!

सुरुवातीला तर रिव्हॉल्व्हर कमरेला लावायची वस्तूच नव्हती. १८४७ चं कोल्ट वॉकर घ्या. वजन जवळजवळ दोन किलो. ते कमरेला लावून घोड्यावर बसलात तर विजार खाली येईल. म्हणून अशा जड बंदुकांची जोडी खोगिराच्या पुढच्या बाजूला, चामडी खोळींत अडकवलेली असायची. पुढे १८५१ चं कोल्ट नेव्ही आलं, साधारण सव्वा किलोचं, आणि बंदूक माणसाच्या अंगावर आली. कॅलिफोर्नियात सोन्यासाठी गर्दी उसळली होती तो हा काळ. तिथल्या खोगीर बनवणाऱ्यांनी बंदुकीच्या आकाराला घट्ट बसणारी सडपातळ होल्स्टर शिवायला घेतली. त्यांना आज 'कॅलिफोर्निया पॅटर्न' म्हणतात.

कारतुसांचा पट्टा अजून यायचा होता. तेव्हा दारू आणि गोळी वेगवेगळी भरायची, मग पट्ट्यात खोचणार काय? धातूच्या कारतुसासाठी आरपार भोक असलेल्या सिलिंडरचं पेटंट रोलिन व्हाइटकडे होतं आणि त्याचा हक्क स्मिथ अँड वेसनने घेऊन ठेवला होता. ते १८६९ ला संपलं. १८७३ ला कोल्टचं प्रसिद्ध सिंगल ॲक्शन आर्मी आलं. आता कारतूस म्हणजे सुटी पितळी वस्तू, आणि तिला घर पाहिजे. म्हणून पट्ट्यावर एकापुढे एक चामडी फासे आले. एका पेटंटची मुदत संपली आणि लोकांच्या कमरेचा पट्टा बदलला! आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांना ही गोष्ट फार ओळखीची वाटेल.

यातला मला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे 'मेक्सिकन लूप' होल्स्टर. नीट ऐका, कारण नवशिक्याने हेच बनवावं. चामड्याचा एकच मोठा तुकडा घ्यायचा. अर्ध्या भागाची बंदुकीच्या आकाराची पिशवी शिवायची. उरलेला रुंद भाग मागे दुमडायचा, त्यात आडव्या चिरा पाडायच्या आणि पिशवी त्या चिरांतून खाली सरकवायची. वरच्या घडीतून पट्टा जातो. शिलाई फक्त पिशवीच्या एका कडेला. बाकी सगळं चामडंच चामड्याला धरून ठेवतं. घोडा उधळला, तुम्ही उतरलात, चढलात, तरी होल्स्टर पट्ट्यावरून निघत नाही. आणि ते बसतं कमरेवर, मांडीवर नाही, कारण दिवसभर खोगिरावर बसणाऱ्याला मांडीवर लोंबणारं ओझं नको असतं.

नावातच मेक्सिको आहे, तेही योग्यच. गुरं राखायची बरीचशी विद्या मेक्सिकन वाकेरोंकडून आली. 'बकारू' हा शब्द वाकेरोचाच अपभ्रंश.

मग मांडीवरचं होल्स्टर कुठून आलं? विसाव्या शतकातून. पट्ट्यालाच चीर पाडून त्यातून खाली लोंबणारं 'बुस्काडेरो' होल्स्टर सिनेमाने उचललं. १९५० च्या दशकात आर्वो ओजाला नावाच्या माणसाने होल्स्टरच्या आत पोलादी अस्तर घातलं, म्हणजे बंदूक विजेसारखी बाहेर येते. १९५५ ला सुरू झालेल्या 'गनस्मोक' मालिकेच्या सुरुवातीला मार्शलसमोर उभा राहून दर वेळी मरणारा माणूस हाच ओजाला. आणि खरी गंमत पुढे आहे. २६ ऑक्टोबर १८८१, टूमस्टोन, ओके कोरलची चकमक. शहरात शस्त्र घेऊन फिरायला बंदी होती, भांडणाचं एक कारणही तेच. वायट अर्पने नंतर साक्षीत सांगितलं, की त्याचं पिस्तूल ओव्हरकोटाच्या खिशात होतं. सगळ्यात प्रसिद्ध चकमकीचा हिरो, आणि पिस्तूल खिशात!

आता माझी फजिती. मी तीनेक मिलिमीटर जाडीचं, झाडाच्या सालीने कमावलेलं चामडं आणलं. क्रोमवर कमावलेलं मऊ चामडं यात चालत नाही. सालीचं चामडं पाण्यात भिजवलं की बंदुकीवर दाबून आकार देता येतो आणि वाळल्यावर ते तसंच कडक राहतं. अमेरिकेत ओक आणि हेमलॉकची साल वापरायचे, आपल्याकडे बाभळीची साल आणि हिरडा. कोल्हापुरी चप्पल याच चामड्याची. मी कागदावर साचा काढला, तोही मिलिमीटरमध्ये, आणि चामड्याची जाडी धरायलाच विसरलो. बंदूक निम्मी आत गेली आणि अडकली. पट्टा कापला पँटच्या मापाने. तो कपड्यांवरून, नितंबाच्या हाडावरून जातो हे लक्षातच नाही. चार इंच कमी पडला.

दुसरा तुकडा घेऊन गावी गेलो, कारण माळ्यावर आजोबांची पेटी आहे हे माहीत होतं. रापी, आरी, मेणाचा गोळा. आजोबा गावच्या विहिरींच्या मोटा शिवायचे, बलुत्यावर, म्हणजे सुगीला धान्य मिळायचं. विजेचे पंप आले, मोटा गेल्या, मग चपला. आमच्या बाबांनी ठरवून ते काम सोडलं आणि मला कधी पेटीला हात लावू दिला नाही. "तुझ्या हातात पेन पाहिजे," एवढंच म्हणायचे. शाळेत त्यांना काय ऐकावं लागलं होतं ते मला फार उशिरा कळलं.

मी ओसरीत बसून दोन सुयांची शिलाई करत होतो. एकच दोरा, दोन्ही टोकांना सुई, प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंनी. एक टाका तुटला तरी दुसरी बाजू धरून राहते. खोगीर शिवणारे हाच टाका घालायचे. बाबा दारात उभे राहून बघत होते. मला वाटलं, आता ओरडणार.

ते म्हणाले, "मोटेचाच टाका आहे की हा. पण ओढतोयस वाकडा."

मग खाली बसले आणि रापीला धार लावून दिली. शेयेनला मीनियाचं दुकान होतं, सॅन फ्रान्सिस्कोला मेन अँड विंचेस्टरचं. त्यांच्या मालावर नावाचा शिक्का असायचा, म्हणून आज संग्रहालयात त्यांची नावं सांगता येतात. शिक्का दुकानाचा बरं का, आत बसून शिवणाऱ्या कारागिराचा नाही. मी बाबांना विचारलं, आजोबा मोटेवर काही खूण करायचे का? म्हणाले, "खूण कशाला? अख्ख्या गावाला माहीत होतं कुणी शिवली ते."

होल्स्टर झालंय. शेवटचे अकरा टाके बाबांचे आहेत, फोटो बघितलात तर लगेच ओळखू येतील. कारतुसांचे फासे अजून बाकी आहेत, आणि तिथे पितळ घालायचं नाही असं ठरलंय. चामड्यातल्या आम्लाने पितळेवर हिरवा चिकट थर चढतो. अमेरिकन लष्कराला हा त्रास इतका झाला, की शेवटी ॲन्सन मिल्स या अधिकाऱ्याचा विणलेल्या कापडाचा पट्टा त्यांनी घेतला. मी लाकडी कारतुसं घालणार आहे. ऑफिसचा कार्यक्रम मात्र गेल्याच शुक्रवारी होऊन गेला.