गवळ्याची भूपाळी, शिंप्याचा गळा

‘घनश्याम सुंदरा’ ही भूपाळी ऐकताना ती एखाद्या संताची रचना असावी असंच वाटतं. ती रचली पेशवाईतल्या पुण्याच्या एका तमासगिरानं. होनाजी सयाजी शिलारखाने हे त्याचं नाव, जात गवळ्याची आणि घरचा धंदा दुधाचा. त्याच्या काळात पुणं त्याला ओळखत होतं ते मुख्यतः शृंगारिक लावण्यांसाठी. दोनशे वर्षांनंतर मात्र त्याच्या नावावर लोकांच्या ओठी उरली ती ही एक भूपाळी.

ती नीट ऐकली की होनाजीचं घर दिसू लागतं. हंबरणाऱ्या गाई, आईची वाट पाहणारी वासरं, धारेची वेळ; झाडांवरून चरायला उडून गेलेली पाखरं, तीर्थाच्या वाटेला लागलेले यात्रेकरू, सडासंमार्जन उरकून घागरी घेऊन निघालेल्या गोपी. कृष्णाला जागं करण्यासाठी कवीनं गोकुळ उभं केलं आहे, पण त्यातली पहाट गोठ्यात उठणाऱ्या माणसाच्या रोजच्या पाहण्यातली आहे. या तपशिलांमुळेच भक्तिगीतांच्या गर्दीत ती वेगळी उठून दिसते.

होनाजी कवनं रचायचा आणि बाळा करंजकर ती गायचा. बाळा जातीनं शिंपी. दोघांचा फड इतका एकजीव होता की ‘होनाजी बाळा’ हे एकाच माणसाचं नाव असल्यासारखं रूढ झालं. शाहिरी फडांत अशी विभागणी चालत असे: एकाची लेखणी, दुसऱ्याचा गळा, मागे सूर धरणारे झीलकरी आणि डफ, तुणतुणं, ढोलकीची साथ. पुण्यातल्याच सगनभाऊंच्या कवनांना रामा गोंधळ्याचा गळा लाभला होता. सगनभाऊ मुसलमान, धंद्यानं शिकलगार. शाहीर प्रभाकर दातार ब्राह्मण. जातीपातींनी घट्ट बांधलेल्या त्या शहरात लावणीच्या फडावर गवळी, शिंपी, शिकलगार आणि ब्राह्मण एकाच कलेत एकमेकांशी चुरस करत होते.

या चुरशीला आश्रय मिळाला तो दुसऱ्या बाजीरावाचा. १७९६ ते १८१८ या त्याच्या कारकिर्दीत शाहिरांना वाड्यावर मान होता. रागदारीच्या अंगानं लावण्या बांधायला बाजीरावानंच होनाजीला सुचवलं, असं सांगतात. लावणीला ढोलकीऐवजी तबल्याची साथ देण्याचं आणि बैठकीची लावणी घडवण्याचं श्रेयही होनाजी-बाळाला दिलं जातं. फडावरची लावणी मोकळ्या आवाजात, नाचत, मोठ्या जमावासाठी गायची. बैठकीत गाणारा बसून गातो. एकच ओळ पुन्हा पुन्हा घोळवत, चेहऱ्यानं आणि हातांनी तिचे निरनिराळे अर्थ खुलवत जातो. उघड्यावरची ही कला त्यामुळे दिवाणखान्यात आली आणि तिथल्या जाणत्या श्रोत्यांसमोर स्थिरावली.

नोव्हेंबर १८१७ मध्ये शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं. पुढच्या वर्षी बाजीराव शरण गेला, त्याची रवानगी उत्तरेत ब्रह्मावर्ताला झाली आणि शाहिरांचा मोठा आधार तुटला. कवनं टिकली ती गाणाऱ्यांच्या कंठात आणि हस्तलिखितांच्या बाडांत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी शाहिरी वाङ्मय जमवून छापायला घेतलं. १८९१ साली हॅरी अॅक्वर्थ या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर त्यांनी पोवाड्यांचा संग्रह काढला. अशा संग्राहकांमुळे पेशवाईतले शब्द नव्या शतकाच्या हाती आले.

भूपाळी घरोघरी पोचवली ती चित्रपटानं. १९५१ साली व्ही. शांताराम यांनी होनाजीवर ‘अमर भूपाळी’ काढला. पंडितराव नगरकर होनाजी झाले, संध्या पहिल्यांदाच पडद्यावर आल्या आणि संगीत वसंत देसाईंनी दिलं. नगरकर आणि लता मंगेशकर यांनी गायलेली भूपाळी रेडिओवरून आणि तबकड्यांवरून महाराष्ट्रभर गेली. पुढच्याच वर्षी कान महोत्सवात चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणाचा गौरव झाला. गवळ्याचे शब्द फ्रान्सच्या पडद्यापर्यंत पोचले.

या यशाची दुसरी बाजूही आहे. भूपाळी देवघरात बसली आणि होनाजीच्या शृंगारिक लावण्या अभ्यासकांच्या कपाटात गेल्या. बैठकीची लावणी मात्र पुढे बायकांच्या गळ्यानं जगवली. विसाव्या शतकाच्या आरंभी पुण्याच्या सुंदराबाई जाधव लावणी, गझल आणि भजन सारख्याच ताकदीनं गात होत्या. त्यांच्या तबकड्या निघाल्या, ‘एकच प्याला’ नाटकातल्या बालगंधर्वांच्या पदांना त्यांनी चाली दिल्या आणि १९३९ साली प्रभात कंपनीच्या ‘माणूस’ या चित्रपटात त्या नायकाची आई झाल्या. म्हणजे बसून, शब्द उलगडत गाण्याची ती रीत संगीत नाटक आणि बोलपटाच्या उंबऱ्यापर्यंत आली होती.

होनाजीची खरी ओळख करून घ्यायची तर या भूपाळीशेजारी त्याच्या लावण्याही ऐकायला हव्यात, आणि त्याही तबल्याच्या साथीनं, बैठकीत. त्या छापील स्वरूपात आहेत, बैठकीची लावणी गाणाऱ्या कलावंत आहेत. पुण्यातल्या संगीत महोत्सवांनी त्यांच्यासाठी एक संध्याकाळ राखून ठेवायला हरकत नाही.