केडगावच्या रमाबाई आणि फुकट मिळालेली मुक्ती

पंडिता रमाबाईंचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच वाक्यं ऐकू येतात. एक, 'विदुषी होत्या, पण बाटल्या.' दुसरं, 'बाटल्या असतील, पण विधवांसाठी काम केलं.' आपल्या दौंड तालुक्यातल्या केडगावात (नगरचं केडगाव वेगळं, हे पुणे-सोलापूर रेल्वेवरचं) त्यांनी उभं केलेलं मुक्ती मिशन आजही आहे, त्यामुळे हा वाद आपल्याला घरचाच. हल्ली धर्मांतरावरून व्हॉट्सअ‍ॅपवर जे चाललंय त्यातही त्यांचं नाव ओढलं जातं, दोन्ही बाजूंनी.

या भांडणात एक साधी गोष्ट कोणी बघत नाही. रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला २९ सप्टेंबर १८८३ ला, इंग्लंडमध्ये वाँटेज इथे. पण पुढे जवळपास आठ वर्षं त्यांना तारणाची खात्री नव्हती, आणि हे त्यांनी स्वतःच १९०७ साली आपल्या साक्षीत लिहून ठेवलंय. धर्म बदलला, नाव चर्चच्या वहीत लागलं, तरी मनाला शांती नाही. ती मिळाली १८९१ च्या आसपास. म्हणजे 'बाटल्या' हा शब्द ज्या दिवसाबद्दल आपण वापरतो, तो त्यांच्या स्वतःच्या लेखी मुख्य दिवस नव्हताच. मग त्या आठ वर्षांत कसली कमी होती?

हे समजायला आधी त्यांचं घर बघावं लागतं.

वडील अनंतशास्त्री डोंगरे. मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून धर्मपंडितांसमोर उत्तरं द्यावी लागलेला माणूस. पश्चिम घाटात गंगामूळ इथे जंगलात आश्रम बांधून राहिले, तिथेच १८५८ साली रमाबाईंचा जन्म. पुढे पैसा संपला आणि हे कुटुंब तीर्थयात्रेला निघालं ते वर्षानुवर्षं चालतच राहिलं. देवळात, घाटावर पुराणं सांगायची, मिळेल त्यावर जगायचं. आणि मिळालेल्यातलं बरंचसं पुन्हा दानधर्मात, ब्राह्मणभोजनात घालायचं. उपास, व्रतं, प्रदक्षिणा, जप. पुण्य साठवायचं, म्हणजे देव प्रसन्न होईल.

देव प्रसन्न झाला नाही. दुष्काळ आला. १८७० च्या दशकातल्या त्या दुष्काळात घरातलं होतं नव्हतं ते संपलं. कष्टाचं काम करायची सवय नाही, भीक मागायची लाज. वडिलांनी जलसमाधी घ्यायचं ठरवलं होतं, इतकी पाळी आली. वडील गेले, पाठोपाठ आई गेली, मग थोरली बहीण. उरली रमा आणि भाऊ श्रीनिवास.

हे मी 'बघा, हिंदू धर्मात काय होतं' म्हणून सांगत नाहीये. कृपया कमेंटमध्ये तिकडे जाऊ नका. एका मुलीने आयुष्याच्या पहिल्या सोळा-सतरा वर्षांत काय पाहिलं, एवढंच सांगतोय. तिने एक जमा-खर्चाची वही पाहिली. आईवडिलांनी जन्मभर जमेच्या बाजूला भरलं आणि शेवटी शिल्लक शून्य. त्याच वहीत पुढे कलकत्त्याला शास्त्रं वाचताना तिला दिसलं की बाईच्या नावाचं पानच वेगळं आहे. तिला मोक्ष हवा तर नवऱ्याच्या सेवेतून. आणि नवरा मेला, तर ते तिच्याच मागच्या जन्मीच्या पापाचं फळ. रमाबाईंचा नवरा बिपिनबिहारी मेधावी लग्नानंतर दोन वर्षांच्या आत, १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने गेला. पदरात लहानगी मनोरमा. म्हणजे त्या वहीप्रमाणे 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळवलेली बाईसुद्धा थकबाकीदारच.

आता वाँटेजकडे या. त्या तिथे गेल्या होत्या डॉक्टरकी शिकायला. ऐकू कमी यायला लागल्याने ते राहिलं. ज्या जोगिणींकडे त्या उतरल्या त्यांची एक शाखा पुण्यातही होती. या जोगिणी लंडनमध्ये फुलहॅम इथे 'पतित' म्हणवल्या जाणाऱ्या बायकांसाठी एक आसराघर चालवत. ते पाहून रमाबाई हलल्या. ज्या बाईला आपल्याकडे कोणी दारात उभं करणार नाही तिची हे लोक सेवा का करतात, हा त्यांचा प्रश्न. उत्तर म्हणून त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली गेली. बुद्धीच्या बाजूने त्यांना पटवलं ते आपल्याच नीलकंठशास्त्री गोऱ्ह्यांनी. काशीचे चित्पावन पंडित, १८४८ साली ख्रिस्ती झालेले, फादर नेहेम्या गोऱ्हे. त्यांच्या पत्रांनी रमाबाईंच्या शंका फिटल्या. गंमत म्हणजे गोऱ्हे स्वतः कडक वैरागी, आणि आयुष्यभर शंकांनी पोखरलेले. दुसऱ्याला खात्री देणाऱ्याला स्वतःला ती नव्हती.

वाँटेजचा पंथ इंग्लंडच्या चर्चमधला, पण रोमन वळणाचा. उपास, पापकबुली, आज्ञाधारकपणा. रमाबाई काही आज्ञाधारक नव्हत्या. त्रैक्यावरून, येशूच्या जन्माच्या चमत्कारावरून त्यांनी सिस्टर जेराल्डीनशी पत्रांमधून जे भांडण केलंय ते वाचण्यासारखं आहे. (आपल्या साहित्य संस्कृती मंडळानेच १९७७ साली ही पत्रं छापलीत, अ. भि. शहांनी संपादित केलेली.) क्रूसावरची अक्षरं लॅटिनमध्ये का, संस्कृतात का नकोत, असंही विचारलं. शाकाहार सोडला नाही. पण खोलवरची अडचण वेगळी होती. जुनी वही मिटून त्यांनी नवी उघडली होती. आधी व्रतं, आता चर्चचे नियम. हिशेब चालूच.

हीच अडचण त्यांच्या साडेतीनशे वर्षं आधी जर्मनीत एका संन्याशाला आली होती. मार्टिन ल्यूथर १५०५ साली एर्फुर्टच्या मठात शिरला. उपास केले, थंडीत कुडकुडत रात्री काढल्या, पापकबुलीला बसला की तासन् तास उठेना, त्याचे गुरूच वैतागले. तरी भीती जाईना, की मी केलं ते पुरेसं आहे का? बाहेर तेव्हा योहान टेट्झेल नावाचा धर्मोपदेशक पापाच्या शिक्षेतून सूट देणारी पत्रं विकत होता. त्यातला एक वाटा रोमच्या सेंट पीटर्सच्या बांधकामाला, दुसरा माइन्झच्या आर्चबिशपचं कर्ज फेडायला. ल्यूथरने ३१ ऑक्टोबर १५१७ ला या व्यवहारावर ९५ मुद्दे मांडले, हे शाळेत आपण सगळेच शिकलो. पण त्याला आतून जे सापडलं ते पुस्तकात एका ओळीत उरकतात. पौलाची रोमकरांस आणि इफिसकरांस लिहिलेली पत्रं वाचताना त्याला दिसलं की तारण हे कामाची मजुरी नाही. ते देवाचं दान आहे, आणि विश्वास म्हणजे ते घ्यायला पुढे केलेला हात. मजुरी असती तर 'पुरेसं झालं का' हा प्रश्न कधीच संपला नसता. दान म्हटलं की तो प्रश्न उरतच नाही, कारण मग भिस्त देणाऱ्यावर असते.

आपल्याकडे हा वाद अगदी अनोळखी नाही. दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांत माकडीण आणि मांजरीचा दृष्टान्त आहे. माकडिणीचं पिल्लू आईला घट्ट धरून राहतं, सोडलं की पडलं. मांजर मात्र पिल्लाला तोंडात धरून नेते, पिल्लू काही करत नाही. वडकलै आणि तेंगलै या दोन शाखा या प्रश्नावर वेगळ्या झाल्या. ल्यूथर मांजरीच्या बाजूचा, असं म्हटलं तर फार चुकणार नाही. (ईश्वरशास्त्राचे अभ्यासक रागावतील. असो.)

कॅथलिक चर्चला हे मान्य झालं नाही. कृपा नको असं त्यांनी म्हटलं नव्हतं, तारणाची सुरुवात कृपेने होते हे त्यांनाही मान्यच. पण माणसाने तिला साथ द्यायला हवी, आणि 'माझं तारण झालंच' अशी खात्री बाळगणं हा गर्व, असं ट्रेंटच्या परिषदेने १५४७ साली ठरवलं. या मुद्द्यावर युरोप फाटला. शेवटी ३१ ऑक्टोबर १९९९ ला आउग्सबुर्गमध्ये कॅथलिक आणि ल्यूथरन चर्चनी एका संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या, की मूळ गाभ्यावर आपलं एकमत आहे. ४८२ वर्षं लागली.

मधल्या काळात आधीच धर्मात असलेल्यांना खात्री उशिरा सापडली, असे किस्से वारंवार दिसतात. जॉन वेस्ली घ्या. धर्मगुरू, अमेरिकेत मिशनरी म्हणून गेलेला. समुद्रात वादळ आलं तेव्हा हा मरणाला घाबरला आणि जहाजावरचे साधे जर्मन मोरेव्हियन शांतपणे गात राहिले. ते त्याला बोचत राहिलं. २४ मे १७३८ ला लंडनमध्ये एका सभेत ल्यूथरचं रोमकरांच्या पत्रावरचं लिखाण वाचलं जात असताना त्याची बोच गेली. पुढे कॉर्नवॉलमध्ये विल्यम हॅस्लम नावाचा पाद्री. हा तर १८५१ साली स्वतःच्याच चर्चमध्ये प्रवचन देताना, स्वतःचेच शब्द ऐकून बदलला. श्रोत्यांतला एकजण ओरडला की आपल्या पाद्रीबुवांचंच परिवर्तन झालं!

या हॅस्लमचं आत्मकथन रमाबाईंच्या हाती आलं. आठ वर्षं ख्रिस्ती असलेल्या बाईला त्यात आपला चेहरा दिसला. चर्चमध्ये असूनही खात्री नसलेला माणूस. त्यांनी बायबल परत नव्या नजरेने वाचलं, आणि ज्यासाठी आईवडील चालून चालून मेले ते फुकट देऊ केलेलं आहे, असं त्यांच्या लक्षात आलं. नवऱ्यामार्फत नाही, पुरोहितामार्फत नाही, मागच्या जन्माचा दाखला न मागता.

हे पुण्यात कधी घडत होतं बघा. मार्च १८८९ मध्ये मुंबईत सुरू केलेलं शारदा सदन १८९० च्या शेवटी पुण्यात आलं. त्याच १८९० मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये मंडळी चहा प्यायली. मग तक्रार, शंकराचार्यांपर्यंत प्रकरण, ग्रामण्य, आणि टिळक-रानडे यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्त घ्यावं लागलं. गावभर एका कप चहाचं पाप फेडायचा हिशेब चालू असताना, त्याच गावात ही बाई हिशेबाची वहीच मिटवून बसली होती.

याचा दुसरा परिणामही सांगायला हवा, नाहीतर हे एकतर्फी होईल. ज्याला काही फुकट मिळालंय त्याला ते लपवता येत नाही. शारदा सदन अमेरिकेतल्या लोकांच्या पैशावर चालायचं, पण धर्माच्या बाबतीत तटस्थ राहायची अट होती, आणि सल्लागार मंडळात रानडे, भांडारकर अशी माणसं होती. १८९१ नंतर रमाबाईंची प्रार्थना उघड्या दाराने होऊ लागली. मुली येऊन बसू लागल्या. 'केसरी'ने झोड उठवली, १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचं म्हणणं, मी कोणाला बोलावलं नाही, अडवलंही नाही. तांत्रिकदृष्ट्या खरं असेल. पण कोवळ्या वयाच्या, सर्वस्वी तुमच्यावर अवलंबून असलेल्या मुलींच्या बाबतीत 'बोलावलं नाही' पुरेसं नसतं, असं मला वाटतं. पालकांचा राग मला समजतो. केसरीची भाषा समजत नाही.

तांदळासाठी ख्रिस्ती झाले, हा आरोप पुढच्या दुष्काळांत आला. १८९६-९७ ला मध्य प्रांतातून आणि १९०० ला गुजरातेतून रमाबाईंनी उपाशी मुली-बायका केडगावला आणल्या, त्यांची संख्या २,००० च्या आसपास गेली. जेवणाबरोबर धर्म आला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण दुष्काळात जेवण म्हणजे काय, हे ज्या बाईने स्वतःच्या आईला उपाशी मरताना पाहून शिकलंय, तिला 'आमिष दाखवलं' म्हणताना जीभ जरा चाचरायला हवी.

फुकटच मिळतंय तर मग वाटेल तसं वागा, हा आक्षेप पौलाच्या काळापासून आहे आणि त्यालाही तो ठाऊक होता. हिटलरच्या राजवटीत फासावर गेलेल्या डीट्रिख बोनहॉफरने १९३७ साली आपल्याच ल्यूथरन लोकांना 'स्वस्त कृपे'वरून झापलं. रमाबाईंना हा प्रश्न फारसा पडलेला दिसत नाही. त्यांना विहिरी खणायच्या होत्या, छापखान्यात बायका कामाला लावायच्या होत्या, आंधळ्या मुलींसाठी बार्तमी सदन काढायचं होतं. खात्री मिळाल्यावर माणूस हातावर हात ठेवून बसतो की कामाला लागतो, याचा एक नमुना केडगावात आहे. जाऊन बघता येतो.

तिथल्या इमारतींची नावं ठरवतानाही त्यांनी संस्कृत सोडलं नाही. मुक्ती सदन, प्रीती सदन. आणि ज्या बायकांना समाजाने 'वाईट चालीच्या' म्हणून टाकलं, फसवलेल्या, कुमारी माता, त्यांच्यासाठी वेगळं घर काढलं, फुलहॅमला पाहिलं होतं तसं. त्याचं नाव कृपा सदन.

शेवटची बरीच वर्षं त्या मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी करत बसल्या होत्या, खेड्यातल्या बाईला कळेल अशा साध्या मराठीत. १९२१ साली मनोरमा गेली, एकुलती एक. तरी काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला केडगावातच रमाबाई गेल्या.