किशोरवयातील मुरूम (तारुण्यपीटिका)

हिंजवडी परिसरातून मुलांना घेऊन येणाऱ्या पालकांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा पाण्याबद्दल असतो. "सोसायटीत टँकरचं पाणी येतं, त्यानेच झालं ना?" क्षारांच्या पाण्याने त्वचा कोरडी पडते, खाज येते, पण मुरूम त्यामुळे होत नाहीत. अंगातली 'उष्णता' किंवा चेहरा नीट न धुणे हेही मूळ कारण नाही. १२ ते २४ या वयात शंभरातल्या सुमारे ८५ जणांना कमी-अधिक मुरूम येतातच.

मुरूम का येतात?

वयात येताना अँड्रोजेन ही संप्रेरके मुलांमध्ये आणि मुलींमध्येही वाढतात. त्यामुळे त्वचेतल्या तैलग्रंथी जास्त तेल तयार करतात. केसाच्या मुळाशी असलेल्या छिद्राचे तोंड मृत पेशींनी बंद होते, तेल आत साठते, तिथे नेहमीच राहणारे जिवाणू वाढतात आणि सूज येते. ब्लॅकहेडचा काळा रंग मळाचा नसतो, म्हणून घासून तो जात नाही. आईवडिलांपैकी कुणाला जास्त मुरूम आले असतील तर मुलालाही येण्याची शक्यता वाढते. डोक्याला चोपडलेले तेल कपाळावर उतरणे, हेल्मेटचा घट्ट पट्टा, व्यायामशाळेत सुरू केलेली व्हे प्रोटीनची पावडर, फार गोड खाणे यांनी मुरूम वाढू शकतात.

मेडिकलमधून आणलेली ट्यूब

सर्वात जास्त नुकसान मला इथे दिसते. शेजारणीने सांगितले म्हणून किंवा दुकानदाराने दिली म्हणून एक ट्यूब आणली जाते. चार दिवसांत चेहरा उजळतो, मुरूम बसतात, घरात सगळे खूश. अशा अनेक ट्यूबमध्ये बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन हे स्टेरॉइड असते. काही आठवड्यांत त्वचा पातळ होते, गाल लाल राहतात, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, केस वाढतात आणि एकसारखे दिसणारे नवे मुरूम उठतात. ट्यूब बंद केली की चेहऱ्याची आग होते, म्हणून ती पुन्हा सुरू होते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड मलमांना चिठ्ठीशिवाय विक्रीची मुभा काढून घेतली, तरी ट्यूब मिळतच राहतात. मुलाच्या कपाटात अशी ट्यूब सापडली तर रागावू नका. ती सोबत घेऊन या. ती एकदम बंद करायची की हळूहळू, हे डॉक्टर ठरवतील.

लिंबू, टूथपेस्ट आणि खाण्याचा सोडा यांनीही त्वचा भाजते. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर अशा प्रत्येक इजेचा काळा डाग महिनोन्‌महिने राहतो.

उपचार

सौम्य मुरुमांना ॲडापलीन रात्री (पूर्ण चेहऱ्याला वाटाण्याएवढे) आणि बेन्झॉइल पेरॉक्साइड पुरते. दुसऱ्या औषधाने टॉवेल-उशीचे रंग उडतात, हे आधीच सांगतो, नाहीतर आईचा ओरडा डॉक्टरला! सुरुवातीला थोडी जळजळ होते. फरक दिसायला ६ ते ८ आठवडे लागतात. बहुतेक मुले दुसऱ्या आठवड्यात कंटाळून सोडतात. मध्यम मुरुमांना काही काळ डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या देतात. त्या भरपूर पाण्याबरोबर घ्याव्यात आणि लगेच आडवे होऊ नये. गाठी आणि खड्डे पडत असतील तर आयसोट्रेटिनॉइन लागते. त्याने ओठ खूप सुकतात, रक्ततपासणी करावी लागते, आणि गर्भावर गंभीर दुष्परिणाम होत असल्याने उपचारात व त्यानंतर किमान महिनाभर गर्भधारणा होता कामा नये. मुलीशी, आणि तिच्या आईशीही, हे स्पष्ट बोलावे लागते.

मनावर होणारा परिणाम

मुरूम किती आहेत यावरून मुलाला किती त्रास होतोय हे कळत नाही. दोनचार पुटकुळ्यांसाठी कॉलेज बुडवणारी मुलगी असते. फोटोत मागे उभे राहणे, ऑनलाइन तासाला कॅमेरा बंद ठेवणे, मित्रांकडे जाणे टाळणे, यांकडे लक्ष द्या. "काय झालं रे तोंडाला?" असे पाहुण्यांसमोर विचारू नका, नातेवाइकांनाही तसे सांगून ठेवा. मूल सतत उदास असेल, झोप-जेवण बिघडले असेल किंवा जगण्याचा कंटाळा आल्याचे बोलत असेल, तर त्याला एकटे सोडू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा किंवा टेलीमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करा.

लवकर केव्हा दाखवावे?

दुखऱ्या गाठी, खड्डे पडू लागणे, तीन महिन्यांच्या उपचाराने फरक नसणे. मुलींमध्ये पाळी अनियमित असून हनुवटीवर राठ केस येणे, कारण तेव्हा पीसीओएसची तपासणी करावी लागते.