टर्बो गाडीचे इंजिन-नियंत्रण : रीमॅप, पिगीबॅक की स्वतंत्र ईसीयू?

फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय २०१३ साली भारतात आली, तेव्हा टर्बोचार्जर लावलेली छोटी पेट्रोल गाडी ही अपूर्वाईची गोष्ट होती. आज तीन सिलिंडरांचे एक लिटरचे टर्बो इंजिन मध्यमवर्गीय घराच्या अंगणात उभे असते आणि हमीची मुदत सरत आली की मालकाच्या मनात एक प्रश्न डोकावू लागतो : याची ताकद आणखी थोडी वाढवता येईल का? एकेकाळी याचे उत्तर स्पॅनर आणि कार्बुरेटरचे जेट यांत शोधले जाई. आता ते संगणकात शोधावे लागते. त्यासाठी उपलब्ध असलेल्या मार्गांपैकी कोणता कोणासाठी योग्य, याची ही माहिती.

इंजिनमध्ये किती इंधन सोडायचे, ठिणगी केव्हा पाडायची आणि टर्बोचा दाब कोठवर चढू द्यायचा, हे तीन निर्णय इंजिन कंट्रोल युनिट, म्हणजेच ईसीयू, क्षणोक्षणी घेत असते. इंधन आणि ठिणगी या दोहोंचे नियंत्रण एकाच डिजिटल पेटीत आणणारी बॉशची मोट्रॉनिक प्रणाली १९७९ साली बीएमडब्ल्यू ७३२आय या गाडीत प्रथम आली. टर्बोच्या बाबतीत खरी दिशा दाखवली ती स्वीडनच्या साबने. इंजिनमधील नॉकिंग ऐकून टर्बोचा दाब आपोआप उतरवणारी एपीसी नावाची प्रणाली साबने १९८०च्या दशकाच्या आरंभी आणली. आजच्या प्रत्येक टर्बो गाडीत त्या कल्पनेचा वंशज बसलेला आहे.

नॉकिंग म्हणजे नेमके काय, हे समजल्याशिवाय पुढची निवड करता येत नाही. सिलिंडरमधील मिश्रण ठिणगीपासून सुरू होऊन क्रमाक्रमाने जळत जावे अशी अपेक्षा असते. दाब आणि उष्णता मर्यादेपलीकडे गेली की कोपऱ्यात उरलेले मिश्रण आपोआप, एकदम पेटते. त्या धक्क्याने पिस्टनच्या कडा आणि रिंगांच्या खाचा तुटतात. साध्या इंजिनात याला वेळ लागतो, टर्बो इंजिनात काही सेकंदही पुरतात. ३५ अंश तापमानाची हवा पाऊण-एक बार दाबाने दाबली की टर्बोतून बाहेर पडताना ती शंभर अंशांच्या पलीकडे गेलेली असते. ती इंटरकूलरने थंड करायची, पण मे महिन्याच्या दुपारी चार माणसे आणि सामान घेऊन अनमोड किंवा चोर्ला घाट चढताना इंटरकूलरही तापतो. युरोपातील वसंत ऋतूत तयार केलेली ट्युनिंगची फाइल आपल्याकडे जशीच्या तशी चालेल असे गृहीत धरणे म्हणूनच धोक्याचे.

पहिला मार्ग पिगीबॅकचा, म्हणजे ट्युनिंग बॉक्सचा. मूळ ईसीयू आणि दाब मोजणारा सेन्सर यांच्यामध्ये ही छोटी पेटी जोडली जाते. सेन्सर सांगतो १.८ बार, पेटी ईसीयूला कळवते १.६ बार. दाब कमी आहे असे समजून ईसीयू तो आणखी वाढवते. स्वस्त, अर्ध्या तासात बसणारा आणि काढून ठेवता येणारा, म्हणून हा मार्ग लोकप्रिय आहे. पण मुळात हा ईसीयूला खोटे सांगण्याचा प्रकार आहे. सिलिंडरमध्ये प्रत्यक्षापेक्षा कमी हवा आहे अशा समजुतीने ईसीयू ठिणगीही आधी पाडते आणि इंधनही आधी कमी धरते. नंतर लॅम्डा आणि नॉक सेन्सर ती चूक सावरतात, म्हणजे बचावाची शेवटची फळी रोजच्या कामाला जुंपली जाते. सौम्य वाढीपुरते हे खपून जाते. तरीही हमी वाचवण्यासाठी पिगीबॅक घ्या, हा दुकानांत ऐकू येणारा सल्ला प्रस्तुत लेखकाला पटत नाही. गाडी बिघडली तर बिघाड इंजिनमध्येच राहतो, पेटी काढून ठेवली म्हणून तो जात नाही.

दुसरा मार्ग रीमॅपचा. यात मूळ ईसीयूच असते, तिच्यातील कोष्टके बदलली जातात. आधुनिक ईसीयू पायाखालच्या पेडलचा अर्थ टॉर्कच्या मागणीत लावते आणि त्या मागणीवर गिअरबॉक्स, तापमान, इंधन अशा अनेक मर्यादा घालते. जाणकार ट्युनर या मर्यादा एकमेकींशी सुसंगत ठेवून वाढवतो, संरक्षणाची व्यवस्था शाबूत राखतो. एसी, एबीएस, इमोबिलायझर, डॅशबोर्ड यांच्याशी ईसीयूचा संवादही पूर्ववत चालू राहतो. रोजच्या वापरातल्या, थेट इंजेक्शनच्या गाडीला हाच मार्ग योग्य. अशा इंजिनात इंधनाचा दाब शंभर बारच्या वर असतो आणि तो पंप हाताळणाऱ्या स्वतंत्र ईसीयू थोड्याच आहेत.

मात्र रीमॅप करताना इंजिनाइतकाच विचार गिअरबॉक्सचा करावा लागतो. पोलो जीटी टीएसआयच्या १.२ लिटर इंजिनाचा मूळ टॉर्क १७५ न्यूटन-मीटर. तिला जोडलेल्या सात गतींच्या कोरड्या क्लचच्या डीएसजी गिअरबॉक्सची मर्यादा आहे २५० न्यूटन-मीटर. रीमॅपनंतर टॉर्क सव्वादोनशेच्या पुढे नेता येतो, म्हणजे शिल्लक थोडीच उरते. स्कोडा ऑक्टाव्हिया १.८ टीएसआयला हाच गिअरबॉक्स होता आणि तिचा मूळ टॉर्कच २५० होता. तेथे कागदावर शिल्लक शून्य! मॅन्युअल गाडीत हा भार प्रथम क्लचप्लेटवर दिसतो.

आणखी एक धोका लहान टर्बो इंजिनांचा खास आहे. दीड-दोन हजार फेऱ्यांवर वरच्या गिअरमध्ये पेडल पूर्ण दाबले असता ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटण्याची शक्यता असते. नॉक सेन्सर ते ऐकेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून कमी फेऱ्यांवरच जोरदार खेच देणारी फाइल चालवायला कितीही सुखद वाटली तरी ती टाळावी आणि एपीआय एसपी दर्जाचे तेल वापरावे.

तिसरा मार्ग स्वतंत्र ईसीयूचा : मूळ पेटी काढून हॉल्टेक, लिंक, ईसीयूमास्टर, मोटेक यांपैकी एखादी बसवणे. बोलिंग आणि ग्रिपो या दोन अमेरिकनांनी सुरू केलेली मेगास्क्वर्ट ही यातली हौशी लोकांची आवडती, कारण ती सुटे भाग झाळून घरी जुळवता येत असे. ज्या जुन्या गाडीला मुळात कार्बुरेटर होता किंवा जी केवळ स्पर्धेसाठी आहे, तिला हाच मार्ग. येथे काहीही गृहीत धरता येत नाही. क्रँकवरील दातेरी चक्र, बहुधा साठातून दोन दात गाळलेले, ईसीयूला वाचता आले पाहिजे. दाबाचा सेन्सर निरपेक्ष दाब मोजतो, तेव्हा एक बार बूस्टसाठी किमान अडीच बारचा सेन्सर हवा. इंजेक्टर जास्तीत जास्त ८५ टक्के वेळ उघडे राहतील इतके मोठे हवेत. वायरिंगचा जोड कच्चा राहिला तर उत्तम ईसीयूही निरुपयोगी ठरते, आणि पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत कच्चा जोड हमखास गंजतो. पैसे कमी पडत असतील तर ईसीयू एक पायरी खालची घ्यावी, वायरिंगवर काटकसर करू नये.

मार्ग कोणताही असो, मोजमापाशिवाय ट्युनिंग म्हणजे अंधारात तीर. साधा लॅम्डा सेन्सर मिश्रण जाड की पातळ एवढेच सांगतो, किती ते सांगत नाही. त्यासाठी वाइडबँड लॅम्डा लागतो. शुद्ध पेट्रोलला हवेचे प्रमाण १४.७ भाग, इथेनॉलला ९. वीस टक्के इथेनॉलच्या ई-२० पेट्रोलला ते सुमारे १३.५ येते. म्हणून जुन्या पुस्तकांतील आकडे डोळे झाकून न वापरता लॅम्डाच्या भाषेत बोलणे सोयीचे, पूर्ण दाबाखाली साधारण ०.८ ते ०.८५. इथेनॉलमुळे नॉकिंगला प्रतिकार वाढतो, पण इंधन अधिक लागते आणि इंजेक्टरची क्षमता त्या मानाने लवकर संपते. शंभर ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी केलेली फाइल साध्या पेट्रोलवर चालवू नये, हे सांगायला हवे. दोडामार्ग किंवा खानापूर परिसरातील प्रत्येक पंपावर ते महागडे पेट्रोल मिळेलच असे नाही.

डिझेल गाड्यांत रीमॅपने टॉर्क अधिक सहज वाढतो. त्याबरोबर धूर गाळणारा डीपीएफ काढून टाकण्याची ‘सेवा’ही देऊ केली जाते. ती नाकारावी, ती बेकायदा आहे.

कायद्याची बाजू दुर्लक्षिण्याजोगी नाही. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलांहून वेगळे होतील असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद केली. इंजिन बदलणे किंवा मुळात नसलेला टर्बो बसवणे वाहतूक खात्याच्या परवानगीविना करूच नये. रीमॅप डोळ्यांना दिसत नाही, तरी विमा कंपनीला तो कळवला नसेल तर अपघातानंतर दावा नाकारण्यास तिला कारण मिळते. फोक्सवॅगन समूहाच्या अधिकृत कार्यशाळेत बदललेले सॉफ्टवेअर आढळल्यास गाडीच्या नोंदीत तशी खूण केली जाते आणि हमीच्या दाव्याला ती आडवी येते.

ट्युनरकडे गाडी सोपवण्यापूर्वी स्पार्क प्लग, कॉइल, इंटरकूलरचे होज आणि कॉम्प्रेशन तपासून घ्यावे, कारण आजारी इंजिनवर केलेले ट्युनिंग आजारच वाढवते. मूळ फाइलची प्रत मागून घ्यावी. अधिकृत कार्यशाळेने सॉफ्टवेअर अद्ययावत केले की रीमॅप पुसला जाऊ शकतो, तेव्हा नवी फाइल पुन्हा भरून मिळेल का, तेही आधीच विचारावे. डायनोवरील आलेख देणारे पुष्कळ असतात. आलेखापेक्षा प्रत्यक्ष रस्त्यावरील लॉग मागावा, ज्यात हवेचे तापमान, प्रत्येक सिलिंडरमागे ठिणगी किती अंशांनी मागे घेतली गेली, लॅम्डा आणि मागितलेला व मिळालेला दाब नोंदलेला असेल. हा लॉग सकाळी सात वाजता नव्हे, तर भर दुपारी, चढणीवर घेतलेला असावा.